‘घ्या’ म्हणजे नेमकं काय करा? डी. फार्मला येणाऱ्यांसाठी

दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली मुलं डी. फार्मला, म्हणजे औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेला, आली की आधी धास्ती घेतात ती इंग्रजी पुस्तकांची. मीही घेतली होती. फार्माकॉग्नोसीच्या, म्हणजे वनस्पतींसारख्या नैसर्गिक औषधांच्या विषयाच्या, प्रॅक्टिकलला टेबलावर सोनामुखी, अडुळसा, हिरडा दिसला की जीव भांड्यात पडायचा, कारण हे सगळं आजीच्या डब्यातलं. जर्नलमध्ये मात्र लॅटिन नावं. ती नुसती घोकू नका. पान हातात घ्या, मोडून बघा, वास घ्या, मग नाव लिहा. तोंडी परीक्षेत आधी वास आठवतो आणि मागून नाव येतं. चिठ्ठीवरची अक्षरं तर आठवड्यात पाठ होतात: बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीडीएस तीनदा, एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर, एचएस झोपताना.

इंग्रजी जमून जातं. खरी अवघड भाषा पुढे औषधं देण्याच्या 500 तासांच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणात भेटते.

माझं प्रशिक्षण सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मेडिकलमध्ये झालं. विणकर आणि विडी कामगारांची वस्ती, घरात तेलुगू. शिवाय अक्कलकोटकडून येणारी कन्नड बोलणारी माणसं. पहिल्याच महिन्यात दमा असलेल्या एक आजी आल्या. चिठ्ठीत पंपात घालून तिच्यातली भुकटी श्वासावाटे आत ओढायची अशी कॅप्सूल होती. मी पाकीट हातात दिलं आणि म्हणाले, “रोज दोन वेळा घ्या.” चार दिवसांनी आजी परत आल्या, दम तसाच. पंप पिशवीत, न उघडलेला. कॅप्सूल त्यांनी पाण्याबरोबर गिळल्या होत्या.

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. मराठीत औषध ‘घेणे’ म्हणजे गिळणेच. चूक माझी होती, आणि ती आजही मला टोचते, कारण त्या चार रात्री त्या बसून काढत होत्या.

फार्माकॉलॉजी, म्हणजे औषध शरीरात कसं काम करतं ते, मला त्या दिवशी कळली. त्या कॅप्सूलमध्ये साल्ब्युटामॉल होतं, फक्त 200 मायक्रोग्रॅम. तेच औषध गोळीतून द्यायचं तर 4 मिलिग्रॅम, म्हणजे 4000 मायक्रोग्रॅम लागतं, वीसपट. श्वासावाटे ते थेट श्वासनलिकांवर पोचतं म्हणून इतकंसं पुरतं. पोटात गेलं तर त्यातलं बरंचसं आतड्यात आणि यकृतातच संपतं. पुस्तकात हे मी अधोरेखित केलेलं होतं. आजींना सांगताना मात्र सुचलं नव्हतं.

दुकानातल्या एका काकांनी मला ‘पील्चंडी’ हा शब्द शिकवला, तेलुगूत ‘श्वास आत ओढा’. मी आजींसमोर रिकामा पंप तोंडाला लावून दाखवला, मग त्यांना करायला लावला. तिसऱ्या वेळी जमलं.

तेव्हापासून मी वही ठेवली. तेलुगूत ‘तिनक मुंदु’ म्हणजे खाण्याआधी, ‘तिन्न तर्वात’ म्हणजे खाल्ल्यानंतर. कन्नडमध्ये ‘ऊटा आद मेले’, जेवण झाल्यावर. आणि जपा: तेलुगूत ‘मुंदु’ म्हणजे आधी, ‘मंदु’ म्हणजे औषध. शब्द चुकले तर माणसं हसून दुरुस्त करतात, पण तुम्ही प्रयत्न केलात हे त्यांना दिसतं आणि मग ती मोकळेपणी विचारतात.

मराठीतही नीट सांगायला शिकावं लागतं. लहान मुलांच्या अँटिबायोटिकच्या भुकटीत ‘पाणी घाला’ एवढं सांगून भागत नाही. उकळून गार केलेलं पाणी, बाटलीवरच्या खुणेपर्यंत, आणि दर वेळी हलवून. चमचा घरातला नको, सोबतच्या मापातून मोजून.

शेड्यूल एच-वनची (ज्यांची विक्री नोंदवावीच लागते अशा औषधांची) नोंदवही, मुदत संपलेला माल वेगळा काढणं, ही कामं दुकानात रोज डोळ्यांसमोर होतात, त्यामुळे शिकवावी लागत नाहीत.

काही जण हे 500 तास कागदावरच भरतात, सही-शिक्का आणतात आणि परीक्षेच्या अभ्यासाला बसतात. कळकळीने सांगते, असं करू नका. पुढे बी. फार्म या पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतलात तरी तिथे प्रयोगशाळा मिळेल, गिऱ्हाईक मिळणार नाही. काउंटरवर उभे राहा, औषध देऊन झालं की समोरच्याला विचारा, “आता घरी जाऊन हे कसं करणार, मला सांगा बघू.” आणि त्याचं पूर्ण सांगून होईपर्यंत पुढची चिठ्ठी हातात घेऊ नका.