आवाजावरून वाट ओळखताना या चुका टाळा

“अंध माणसाचे कान देवानेच तीक्ष्ण केलेले असतात,” असं घरोघरी ऐकू येतं. या समजुतीपायी शिकणंच राहून जातं. जिभेने ‘टक्’ असा आवाज करून त्याच्या प्रतिध्वनीवरून समोरचं ओळखणं सरावाने येतं. २०२१ च्या एका अभ्यासात १० आठवड्यांच्या प्रशिक्षणाने ते अंधांना जमू लागलं, डोळसांनाही.

जिभेने ‘टक्’ करायचं ते आखूड हवं. नवशिके मोठ्याने, सलग टकटक करतात आणि परत येणारा आवाज त्याखाली दबतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. पावणेदोन मीटरवरच्या भिंतीवर आपटून तो साधारण १० मिलिसेकंदांत परततो. तेवढ्यात आपला आवाज संपलेला हवा. टक् करा, थांबा, मान थोडी वळवून पुन्हा ऐका.

सराव थेट पुण्यातल्या स्वारगेटच्या गजबजलेल्या चौकात नको. सदाशिव पेठेतल्या एखाद्या गल्लीत, दुपारी वर्दळ कमी असताना करा. भिंत संपून बोळ लागला की आवाज एकदम मोकळा होतो. बंद शटर खणखणीत उत्तर देतं, झाडीचं उत्तर विस्कटलेलं येतं. हा फरक एकदा कानात बसला की चालण्यातली भीती खरोखर कमी होते.

पण पांढरी काठी सोडू नका. ही सगळ्यात धोक्याची चूक. खड्डा, उतरती पायरी, उघडं गटार यांचा भरवशाचा प्रतिध्वनी येत नाही. आपले फुटपाथ कसे आहेत ते ठाऊकच आहे.

पावसात छत्रीचा ताशा कानाशीच वाजतो, रेनकोटची टोपीही कान झाकते. शक्य असेल तिथे आडोशाला थांबून अंदाज घ्या. दोन्ही कानांत इयरफोन तर नकोतच.

शांतता म्हणजे रस्ता मोकळा, असंही धरू नका. पीएमपीच्या इलेक्ट्रिक बस हळू चालताना फारशा ऐकू येत नाहीत.

आता डोळसांसाठी. “काका, इकडे, इकडे!” असं ओरडू नका, हात धरून ओढू नका. “मदत हवी का?” विचारा आणि हो म्हणाले तर तुमचं कोपर धरू द्या. गाडी थांबवलीत तर हॉर्न देऊ नका. तो ‘जा’ म्हणतोय की ‘बाजूला व्हा’, हे ऐकणाऱ्याला कळत नाही.