लीप वर्षाचा नियम पाठ आहे, पुढे काय?

टेस्टिंगमध्ये नव्याने आलेल्यांना मी लीप वर्षाचा नियम विचारते तेव्हा बहुतेकांना तो तोंडपाठ असतो. चारने भाग गेला तर लीप, शंभरने गेला तर नाही, चारशेने गेला तर पुन्हा लीप. म्हणून १९०० नाही, २००० आहे, २१०० नसेल. पण विम्याच्या सॉफ्टवेअरवर काम करताना माझं मत असं झालंय की या नियमात घोळ क्वचितच असतो. तो असतो तारखांच्या बेरीज-वजाबाकीत.

३१ डिसेंबर २००८ ला मायक्रोसॉफ्टचे ३० जीबीचे झून हे म्युझिक प्लेअर गोठले. १९८० पासून उलटलेल्या दिवसांवरून वर्ष काढणारं एक लूप, म्हणजे तीच पायरी पुन्हा पुन्हा करणारा कोड, त्यात होतं. ३६५ पेक्षा जास्त दिवस शिल्लक असेपर्यंत ते फिरायचं. वर्ष लीप असेल, तर दिवस ३६६ पेक्षा जास्त आहेत का हे बघून मगच ३६६ वजा व्हायचे. आता बरोबर ३६६ उरले तर? २००८ लीप वर्ष, त्यामुळे ३१ डिसेंबरला नेमकं हेच झालं. ३६५ पेक्षा जास्त, म्हणून लूप थांबत नाही. ३६६ पेक्षा जास्त नाहीत, म्हणून वजाही होत नाही. लीप वर्ष अगदी बरोबर ओळखलं होतं, तरी यंत्र अडकलं. हे लूप कागदावर स्वतः चालवून बघाच.

दुसरी जागा म्हणजे ‘पुढच्या वर्षी याच तारखेला’. २९ फेब्रुवारीच्या तारखेचं वर्ष एकाने वाढवलं, तर प्रत्येक प्रोग्रामिंग भाषेचं फंक्शन वेगळं वागतं: पायथॉनचं रिप्लेस एरर देतं, जावाचं प्लसइयर्स २८ फेब्रुवारी देतं आणि जावास्क्रिप्टचं सेटफुलइयर १ मार्च. पॉलिसीचं नूतनीकरण यातल्या कुठल्या दिवशी, हे कोड लिहिणाऱ्याने परस्पर ठरवू नये. बिझनेस अ‍ॅनालिस्टला विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

कॅलेंडर पुन्हा तेच कधी येतं, हेही माहीत हवं. ४०० वर्षांत १,४६,०९७ दिवस, म्हणजे नेमके २०,८७१ आठवडे; त्यामुळे चारशे वर्षांनी सगळं जसंच्या तसं. १९०१ ते २०९९ मध्ये मात्र २८ वर्षांचं चक्र पुरतं. १९७२ आणि २००० दोन्ही लीप, दोन्हींची सुरुवात शनिवारी. वायटूकेच्या, म्हणजे दोन अंकी वर्षांमुळे २००० मध्ये तारखा चुकण्याच्या संकटाच्या वेळी काही जुन्या सिस्टिम याच आधारावर तारखा २८ वर्षं मागे नेऊन चालवल्या गेल्या. २१०० ओलांडताना हे चक्र मोडतं. २१०० फार लांब वाटतं, पण आज जन्मलेल्या बाळाची शंभर वर्षांपर्यंतची पॉलिसी ते ओलांडून जाते. २१०० ओलांडणारी तारीख टेस्ट केसमध्ये आत्ताच घाला.

मागच्या टोकासाठी मी मोरारजी देसाईंची जन्मतारीख वापरते: २९ फेब्रुवारी १८९६. पुढची २९ फेब्रुवारी त्यांना थेट १९०४ मध्ये मिळाली. डेटा एक्सेलमधून येत असेल तर जास्त सावध राहा, कारण लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रामशी जुळावं म्हणून एक्सेल १९०० ला लीप वर्ष मानतं. एखाद्या रिकाम्या सेलमध्ये ६० टाकून तारखेचं फॉरमॅट द्या. २९ फेब्रुवारी १९०० दिसेल.