जुनी ‘स्टार ट्रेक’ पुन्हा पाहायला बसताना

पहिल्यांदा मालिका पाहताना पुढे काय होणार याकडेच सगळे लक्ष लागलेले असते. पुन्हा पाहताना मात्र अंतराळयानाचा कप्तान कर्क वाचणार हे आधीच ठाऊक असते आणि नजर मोकळी होते. ती कुठे वळवावी, एवढ्यापुरतेच हे टिपण आहे. ते ८ सप्टेंबर १९६६ ते ३ जून १९६९ या काळात अमेरिकेत एनबीसी या वाहिनीवर दाखवल्या गेलेल्या अंतराळप्रवासाच्या या मालिकेच्या ७९ भागांविषयी आहे. माझ्या मते या मालिकेची दुसऱ्या खेपेची गोडी तिच्या कथांइतकीच तिच्या काटकसरीत आहे, कारण पैसे नव्हते म्हणून काढलेल्या पळवाटाच पुढे या विश्वाचे नियम होऊन बसल्या.

सुरुवातीला क्रम ठरवावा. प्रसारणाचा क्रम आणि चित्रीकरणाचा क्रम वेगवेगळे आहेत, आणि पुन्हा पाहणाऱ्याने दुसरा निवडावा असे मी सुचवेन. वाहिनीने पहिल्यांदा दाखवला तो ‘द मॅन ट्रॅप’, मीठ शोषून घेणाऱ्या प्राण्याचा. परंतु ‘व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर’ हा त्याच्या कितीतरी आधी चित्रित झालेला चाचणी भाग तिसऱ्या क्रमांकावर आला. त्यामुळे प्रसारणाच्या क्रमाने पाहणाऱ्याला गणवेश अचानक बदललेले, यानावरचे डॉक्टर मॅकॉय गायब आणि त्यांच्या जागी दुसरेच डॉक्टर, असा गोंधळ दिसतो. याच भागातील थडग्यावरच्या दगडावर कर्कच्या नावाचे मधले अक्षर ‘आर’ आहे, जे पुढे ‘टी’ झाले. चित्रीकरणाच्या क्रमाने गेल्यास मालिका स्वतःला शोधत पुढे सरकताना दिसते.

आवृत्तीचाही विचार करावा. २००६पासून या भागांतील अंतराळदृश्ये संगणकावर नव्याने तयार करण्यात आली, आणि ब्लू-रेवर जुनी किंवा नवी दृश्ये निवडण्याची सोय आहे. नवी दृश्ये देखणी आहेत, तरीही जुनीच निवडावीत. लाकूड-प्लास्टिकच्या प्रतिकृतीचे यान आणि आतले प्लायवूडचे कक्ष एकाच हाताने घडवल्यासारखे वाटतात, तर नव्या यानातून त्याच कक्षात शिरताना सांधा जाणवतो.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक भाग पाहताना ‘येथे पैसे कसे वाचवले असतील’ हा प्रश्न मनात ठेवावा. दर आठवड्याला यान ग्रहावर उतरवून दाखवणे परवडणारे नव्हते, म्हणून माणसांना किरणांतून खाली पाठवणारा ट्रान्सपोर्टर आला. त्यातील चमचम म्हणजे प्रकाशात सोडलेली आणि मंद गतीने दाखवलेली ॲल्युमिनियमची पूड. ‘द मॅन ट्रॅप’साठी भविष्यातल्या वाटाव्यात अशा मिठाच्या डब्या आणल्या गेल्या, पण त्या मिठाच्या डब्या आहेत हे प्रेक्षकांना कळणारच नाही असे लक्षात आल्यावर त्या मॅकॉय यांची वैद्यकीय उपकरणे झाल्या. हे एकदा कळले की रुग्णकक्षातील कोणताही गंभीर प्रसंग पूर्वीसारखा गंभीरपणे पाहता येत नाही, याची पूर्वसूचना दिलेली बरी. ‘बॅलन्स ऑफ टेरर’ या भागात रोम्युलन या टोकदार कानांच्या परग्रहवासी शत्रूंपैकी बहुतेक सैनिकांच्या डोक्यावर शिरस्त्राणे का आहेत, हे तसे कान बनवण्याचा खर्च आणि वेळ लक्षात घेतला की समजते. या भागात रोम्युलन सेनापती झालेला मार्क लेनर्ड वर्षभरानंतर ‘जर्नी टू बॅबेल’मध्ये कर्कचा सहकारी स्पॉक याचा बाप म्हणून परत येतो, दोन्ही भाग लागोपाठच्या दोन संध्याकाळी पाहून त्याचा आवाज ताडून पाहावा.

भिंतींकडेही लक्ष द्यावे. त्या मुळात करड्या आहेत. छायालेखक जेरी फिनरमन यांनी त्यांच्यावर जांभळा, हिरवा, लाल प्रकाश टाकून एकाच कक्षाचे अनेक कक्ष केले. एनबीसी ज्या आरसीएच्या मालकीची होती ती कंपनी रंगीत दूरचित्रवाणी संच विकत होती, तेव्हा या रंगांच्या उधळणीला कोणाची हरकत असण्याचे कारण नव्हते. कर्कचा पिवळा दिसणारा सदरा प्रत्यक्षात हिरवट होता, फिल्मवर आणि दिव्यांखाली तो पिवळा उमटला.

एखादा भाग पडद्याकडे पाठ करून नुसता ऐकावा. यानाची सततची घरघर आणि दारांचा सुस्कारा यांवर भ्रम किती अवलंबून आहे, हे तेव्हा कळते. ती दारे प्रत्यक्षात पडद्यामागचे कामगार ओढत असत. मारामारीत मात्र डोळे उघडे ठेवावेत, कारण ‘स्पेस सीड’मधल्या झटापटीत कर्कची भूमिका करणाऱ्या विल्यम शॅटनर यांच्या जागी आलेला स्टंटमन लपत नाही. त्या काळच्या छोट्या, अस्पष्ट पडद्यावर हे खपून जात असे.

तिसऱ्या हंगामावर फार वेळ घालवू नये. खर्च आणखी घटला होता, शुक्रवारी रात्री दहाची वेळ मिळाली होती, आणि ते जाणवते.

‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’ मात्र एकट्याने, मोबाइल दूर ठेवून पाहावा. भूतकाळात गेलेला कर्क आणि तिथे त्याला भेटलेली एडिथ कीलर १९३०च्या न्यूयॉर्कमधून हातात हात घालून चालत असताना मागच्या दुकानाच्या काचेवर ‘फ्लॉइड्स बार्बर शॉप’ अशी अक्षरे दिसतात, कारण तो रस्ता दुसऱ्या एका विनोदी मालिकेतील गावाचा होता. मी ती अक्षरे दर वेळी शोधतो, आणि दर वेळी दुकान मागे पडेपर्यंत एडिथकडेच पाहत राहिलेला असतो.