स्की शिकताना या चुका टाळा: आधी बूट दाखवा

कुणी पहिल्याच दिवशी "मला हे जमणार नाही" म्हणालं, की मी आधी त्याचे बूट बघतो. बहुतेक वेळा ते मोठे निघतात.

होतं असं की भाड्याच्या काउंटरवर आपण रोजच्या बुटांचा नंबर सांगतो, पाय आत घालतो, आवळल्यासारखं वाटतं आणि लगेच एक नंबर मोठा मागतो. घोडं इथेच पेंड खातं. स्कीचा बूट आवळायलाच हवा. त्याचा नंबर म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी, त्यामुळे पाऊल मोजून घ्या. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे पुढे वाकवले की किंचित मागे सुटली पाहिजेत. बूट सैल असला की आत टाच उचलली जाते. मग पाय वळतो, स्की नाही.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. पहिल्या दिवशी मी मोठा बूट घेतला, तो भरून काढायला लोकरी मोज्यांचे दोन जोड चढवले, थर्मलची पँटही आत खोचली आणि सगळी बकलं शेवटच्या खाचेपर्यंत ओढली. दुपारी पावलं बधिर. रात्री पाहतो तर नडगीवर थर्मलच्या चुण्यांचे लालभडक वळ. दुसऱ्या दिवशी नडगी बुटाला टेकवली की डोळ्यांत पाणी यायचं, म्हणून मी आपोआप मागे झुकलो. त्यात एक मित्र म्हणाला, "चल वर, उतरता उतरता शिकशील." गेलो. पहिल्याच वळणावर स्की सरळ निघाल्या, मी मुद्दाम आडवा पडलो आणि उरलेला उतार आडव्या पावलांनी, एकेक स्की खाली ठेवत उतरलो. दीड तास लागला. मित्र खाली कॉफी पीत होता.

आता मोजा एकच, पातळ आणि गुडघ्यापर्यंतचा. बुटात मोज्याशिवाय काहीही नाही.

मागे झुकणं ही दुसरी चूक, आणि बूट नीट असले तरी ती होतेच. उतार दिसला की अंग मागे जातं. पायी डोंगर उतरताना लागलेली सवय ती. पण मागे झुकलं की स्कीची पुढची टोकं हलकी होतात. मग ती वळत नाहीत, टाचा बाहेर ढकलून वेजही (टोकं जवळ, मागची बाजू लांब, असा वेग आवरणारा V) नीट धरत नाही, वेग वाढतो, आणि घाबरून आपण आणखी मागे जातो. माझा उपाय पुस्तकी नाही. सपाटीवर स्की घालून जागच्या जागी छोटी उडी मारून बघा. टाचांवर बसलेल्या माणसाला ती मारताच येत नाही. उडी मारताना नडगी बुटाच्या जिभेवर कशी टेकते ते लक्षात ठेवा आणि उतारावर तोच दाब शोधा. हात नजरेच्या टप्प्यातून गायब झाले, तर तुम्ही मागे गेलात असं समजा.

मित्राकडून शिकू नका. त्याला येतं, शिकवता येत नाही. सपाटीवर थांबता येण्याआधीच वर जायची घाई करणाऱ्यांना मी समजावणं सोडून दिलंय.

बाकीच्या चुका झटपट. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, लावून घेताना वजन आणि कौशल्य खरं सांगा, कारण पडल्यावर बूट कधी सुटणार ते त्यावरही ठरतं. बुटाच्या तळाचा बर्फ खरवडल्याशिवाय बाइंडिंगमध्ये पाय ठोकू नका. पडून घसरत असाल तर थांबेपर्यंत उठू नका, त्यात गुडघा जातो. पडताना पोल, म्हणजे हातातली काठी, सोडून द्या. तो मुठीत राहिला की अंगठ्याचा लिगामेंट फाटू शकतो. टी-बार लिफ्टच्या उलट्या टी आकाराच्या दांड्यावर बसायचं नसतं, ती ओढते फक्त. युरोपात निळा उतार सोपा मानतात, उत्तर अमेरिकेत निळा मधला आणि सोपा तो हिरवा. रंगावर जाऊ नका, नकाशा वाचा.

आणि ती "शेवटची एक फेरी". मांड्या थरथरायला लागल्या की मी स्की काढून खांद्यावर टाकतो, मग लिफ्ट रिकामी का असेना.