कंटेनर भरण्याआधी : खरेदीदाराच्या नावामागची अक्षरं

द्राक्षबागेची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची ऑक्टोबरातली छाटणी, उरकली की मी परदेशी खरेदीदारांच्या फायली काढून बसतो. द्राक्षं जानेवारीपासून निघणार असली तरी हे काम आताच व्हायला हवं. पॅकहाऊस एकदा सुरू झालं की कागद वाचायला कुणालाच सवड नसते.

सगळ्यात आधी गेल्या वर्षीची ऑर्डर, ईमेल आणि बँकेत पैसे जमा झाल्याची नोंद शेजारीशेजारी ठेवा आणि तिन्हींवरचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. नेदरलँड्सच्या बीव्ही आणि एनव्ही, जर्मनीची जीएमबीएच, ब्रिटनची लिमिटेड, कंपनीच्या नावापुढची ही अक्षरं सांगतात की मालकांनी भागभांडवल म्हणून जेवढं द्यायचं कबूल केलं, तेवढ्यापुरतीच त्यांची जबाबदारी. कंपनी बुडाली तर त्यांच्या घरादाराला आपल्याला हात लावता येत नाही. अमुक माणूस ओळखीचा आहे, दरवर्षी बागेत येऊन जातो, हे खरं असेलही. पण देणं लागते ती त्याची कंपनी.

आपला बराच माल रॉटरडॅमला उतरतो, म्हणून नेदरलँड्सच्या बीव्हीकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. पूर्वी बीव्ही काढायला किमान 18,000 युरो भांडवल लागायचं. 1 ऑक्टोबर 2012 पासून ती अट गेली. आता एका सेंटवरही बीव्ही उभी राहते. एनव्हीला मात्र 45,000 युरो लागतात. तेव्हा तिथल्या व्यापार नोंदणी कार्यालयातून, म्हणजे केव्हीकेकडून, आठ आकडी क्रमांकावरून उतारा मागवा. फी किरकोळ असते. उताऱ्यात संचालक कोण आणि सही एकट्याची चालते की दोघांची लागते, हे पाहा. नावापुढे 'आय.ओ.' असेल तर कंपनी अजून स्थापन व्हायची आहे. तोवर सही करणारा माणूस स्वतः बांधील असतो, म्हणून त्याचं पूर्ण नाव करारात आलंच पाहिजे. ताळेबंदही काढा. लहान कंपन्या तो अगदी थोडक्यात देतात, तरी स्वतःचं भांडवल शिल्लक आहे की उणे झालंय एवढं कळतंच.

त्याच उताऱ्यात भागधारक म्हणून दुसरीच एखादी होल्डिंग बीव्ही, म्हणजे शेअर हातात ठेवणारी मूळ कंपनी, दिसली तर थांबा. शीतगृह, इमारत, गाड्या होल्डिंगच्या नावावर आणि आपल्याशी व्यवहार करणारी बीव्ही जवळपास रिकामी, अशी रचना तिकडे सर्रास असते आणि ती पूर्ण कायदेशीर आहे. एका हंगामात आमच्या गटाचे पैसे असेच अडकले. गोदाम आम्ही डोळ्यांनी पाहिलेलं होतं, पण ते आमच्या देणेकरी कंपनीचं नव्हतंच. दिवाळखोरीचं पत्र आलं, पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब आणि पैसे, काही आली नाही. पाच घरांचं वर्ष त्यात गेलं आणि त्याचा सल मला आजही आहे. म्हणून आता विचारायचंच : मूळ कंपनीने '403 घोषणापत्र' दिलंय का? डच कायद्यात या घोषणेने मूळ कंपनी उपकंपनीच्या देण्यांना जबाबदार होते, आणि ते केव्हीकेत दाखल असतं. नसेल तर होल्डिंगची लेखी हमी मागा, नाहीतर आगाऊ रक्कम वाढवा.

जर्मनीचा खरेदीदार असेल तर पत्राच्या तळाशी न्यायालयाचं नाव आणि नोंदणी क्रमांक शोधा; तो छापणं तिथे कायद्याने बंधनकारक आहे. जीएमबीएच 1892 च्या कायद्यातली. तिचं भांडवल किमान 25,000 युरो, नोंदणीवेळी निदान निम्मं भरलेलं. यूजी हे 2008 पासूनचं तिचं धाकटं रूप, एका युरोवर निघणारं. 25,000 होईपर्यंत दरवर्षीच्या नफ्याचा चौथा हिस्सा तिला राखून ठेवावा लागतो. नोंदवही इंटरनेटवर फुकट पाहता येते.

ब्रिटनच्या लिमिटेडला किमान भांडवलच नाही. पण कंपनीज हाउसमध्ये, म्हणजे तिथल्या कंपनी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर, संचालकाच्या नावावर टिचकी मारली की त्याच्या आधीच्या, बंद पडलेल्या कंपन्याही दिसतात. हे दहा मिनिटांचं काम कधीही टाळू नका. फ्रान्सची एसएआरएल किंवा एसएएसही एका युरोवर निघू शकते. तिथेही ताळेबंद मागा.

आता आपली बाजू. आपली शेतकरी उत्पादक कंपनीही याच कुळातली, सभासदाची जबाबदारी त्याच्या शेअरच्या रकमेपुरतीच. पण बँकेच्या कर्जासाठी संचालकांनी वैयक्तिक हमीपत्रावर सह्या केल्या असतील तर तेवढ्यापुरतं हे संरक्षण उरत नाही. ती हमीपत्रं कपाटातून काढा आणि संचालकांच्या घरच्यांनाही वाचून दाखवा. आपण घर पणाला लावून माल पाठवतो आणि समोरचा एका सेंटवर उभा असतो, हे सही करताना डोळ्यांसमोर असायला हवं. निर्यात करारावर कोण सही करणार याचा संचालक मंडळाचा ठरावही आताच करून घ्या.

शेवटी निर्यात पतविमा, म्हणजे खरेदीदाराने पैसे बुडवले तर भरपाई देणारा विमा. ईसीजीसी या सरकारी विमा कंपनीकडे त्या खरेदीदारासाठी उधारीची मर्यादा मागताना उताऱ्यावरचंच नाव आणि पत्ता द्या, कारण मंजुरी त्या एका कंपनीपुरती असते. मध्येच 'बिल आमच्या दुसऱ्या बीव्हीच्या नावे करा' असा निरोप आला तर माल थांबवून नव्याने मंजुरी घ्या. आणि पहिला कंटेनर न्हावाशेव्याला निघण्याच्या आठवड्यात उतारा पुन्हा एकदा काढा. ऑक्टोबरातला संचालक जानेवारीत बदललेला असू शकतो.