जुनी युरोपीय चांदीची नाणी तपासताना
मराठवाड्यातील जुन्या पेट्यांत हाली (निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा) आणि कलदार (ब्रिटिश सरकारचा) असे दोन्ही रुपये सापडतात. हाली वजनाने हलका व चांदीनेही कमी असल्यामुळे दोन्ही वेगळे ठेवूनच सराफाकडे न्यावेत. काही युरोपीय देशांच्या नाण्यांना मात्र हा वेगवेगळ्या वजनांचा हिशेब लागू पडत नाही. फ्रान्स, बेल्जियम, इटली आणि स्वित्झर्लंड यांच्या १८६५ च्या करारानुसार पाच फ्रँक किंवा पाच लिरांचे नाणे २५ ग्रॅम वजनाचे, ३७ मिलिमीटर व्यासाचे आणि हजारात नऊशे भाग चांदीचे असे, म्हणून त्यावरील राजाचा चेहरा किंवा लिपी ओळखता आली नाही तरी काट्यावर हेच वजन भरले पाहिजे. झिजेमुळे किंचित घट चालते. एक-दोन ग्रॅमांची तफावत मात्र संशयास्पद मानावी. करारानंतरच्या दोन फ्रँकांचे वजन १० ग्रॅम असले, तरी त्यात चांदी ८३५ भागच असते.