घरी बीपी मोजताना या चुका टाळा

आईचं बीपी आधी १६२ आलं आणि दहा मिनिटांनी १४०. मशीनच खराब निघालं असं समजून मी ते परत करायला निघाले होते. पण मशीन ठणठणीत होतं. आई स्वयंपाकघरातून थेट येऊन बसली होती, ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवलेली, हात मांडीवर, आणि पट्टा फुगत असताना ती मला सांगत होती की आज दूध फार पातळ आलंय. एका वेळी चार चुका, आणि चारही आकडा बिघडवणाऱ्या.

बाहीची चूक घरोघरी होते. वर गुंडाळलेली घट्ट बाही दंडाला दोरीसारखी आवळते आणि खालच्या पट्ट्याला खरा दाब कळत नाही. बाहीवरूनच पट्टा बांधणं हाही उपाय नाही. आई आता मोजायच्या वेळी सैल गाऊन घालते आणि हात बाहीतून पूर्ण बाहेर काढते. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर ठेवा आणि नळी हाताच्या आतल्या बाजूने खाली येऊ द्या.

पट्टा मापाचा आहे का, हे तर आपण बघतच नाही. शिंप्याची टेप घेऊन खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर मोजा. मशीनसोबत बहुधा २२ ते ३२ सेंमी घेराचा पट्टा येतो. दंड त्याहून जाड असेल तर बीपी नसलेलंही वाढलेलं दिसतं, आणि हडकुळ्या म्हाताऱ्या हाताला मोठा पट्टा लावला तर ते कमी दिसतं. मोठा-लहान पट्टा वेगळा मिळतो, तो त्याच मशीनला चालणारा आहे ना, एवढं विचारून घ्या. मनगटावरची मशीनं सोयीची वाटली तरी दंडाचंच घ्या.

बसायचं कसं

जमिनीवर मांडी घालून नको, आणि दिवाणाच्या कडेवर पाय लोंबकळत ठेवूनही नको. पाठ टेकेल अशी खुर्ची, पावलं जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही. हात टेबलावर, गरज पडली तर खाली उशी, म्हणजे पट्टा छातीच्या उंचीला येतो. हात छातीपेक्षा १० सेंमी खाली राहिला तरी आकडा साधारण ७-८ ने वाढतो, कारण खाली असलेल्या हातात रक्ताच्या वजनाचा दाबही जमा होतो. एवढ्या फरकावरून गोळीचा डोस बदलू शकतो, म्हणून मी याबाबत हट्टी आहे.

त्याआधी लघवीला जाऊन या आणि पाच मिनिटं शांत बसा. चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम यांना अर्धा तास तरी झालेला हवा. मिश्री लावणाऱ्यांनी तीही तंबाखूतच धरावी. मोजताना बोलू नका, हात हलवू नका. डिजिटल मशीन धमनीच्या ठोक्यांनी पट्ट्यात उठणारी कंपनं टिपून आकडा काढतं, त्यामुळे हालचाल झाली की ते गोंधळतं.

पुन्हा पुन्हा मोजणं

आकडा जास्त आला की भीती, भीतीने आणखी जास्त, मग लगेच परत. असं करू नका. सकाळी गोळी आणि नाश्त्याच्या आधी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून. डॉक्टरांकडे जायच्या आधी असे सात दिवस मोजा, पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरच्या मोजमापात ती १३५/८५ किंवा वर असेल तर बीपी वाढलेलं धरतात, दवाखान्यात ही रेषा १४०/९० ची असते. वहीत १३४ आलं तर १३४च लिहा, १३० नको. सुरुवातीला दोन्ही हात मोजून बघा. ज्यात जास्त येतं तोच हात पुढे धरा. फरक नेहमीच १० च्या वर असेल तर डॉक्टरांना सांगा.

मशीनवर ठोके अनियमित असल्याची खूण वारंवार दिसली तर तेही सांगा, ईसीजी लागू शकतो. ‘एरर’ आला तर आधी बॅटरी आणि नळीचं टोक बघा.

आणि १२० आलं म्हणून स्वतःहून गोळी बंद करू नका, ते १२० गोळीमुळेच आलेलं असतं. १८०/१२० च्या वर गेलं तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. तरीही तेवढंच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. पण सोबत छातीत दुखणं, धाप, बोलताना जीभ अडखळणं किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडणं यातलं काहीही असेल तर थांबायचं नाही, लगेच १०८.

वर्षातून एकदा मशीनच दवाखान्यात घेऊन जा आणि तिथल्या मशीनशी ताडून बघा. आईच्या मशीनमध्ये फरक निघाला फक्त ४ चा.